भट्टीपुढची पेशी

पुण्याकडून कोल्हापूरला येताना पंचगंगेचा पूल ओलांडायच्या आधी महामार्गालगत शिरोलीची एमआयडीसी लागते. ट्रॅक्टर, ट्रक, पंप आणि इंजिने यांना लागणारे बिडाचे भाग ओतणाऱ्या फाउंड्र्या ही या वसाहतीची खरी ओळख. इंडक्शन फर्नेसमधून लॅडलमध्ये येणारे लोखंड १,४०० ते १,५०० अंश सेल्सिअसच्या घरात असते. ते साच्यात ओतणारा माणूस मात्र ३७ अंशांवर जगणारा. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली पोरिंगच्या कामावर नवा आलेला पोरगा पहिल्या दोन-तीन दिवसांत गरगरतो, त्याला मळमळते, पायात गोळे येतात. त्याच्याच शेजारी जुना कामगार पूर्ण पाळी काढतो. विचारले तर म्हणतो, सवय झाली की जमतंय.

ही सवय म्हणजे मनाचा निर्धार किंवा अंगातली रग नव्हे. शरीरात खरोखर काही बदललेले असते. घाम लवकर आणि जास्त सुटू लागतो, घामातून जाणारे मीठ कमी होते, रक्तातल्या द्रवाचे प्रमाण वाढते. आणि याहून खोलवर, एकेका पेशीच्या आत, काही ठरावीक जनुके वाचली जाऊन त्यांच्यापासून काही ठरावीक प्रथिने तयार झालेली असतात. जनुकापासून प्रथिन कसे बनते, हे आपण दहावीच्या विज्ञानात ‘प्रतिलेखन’ आणि ‘भाषांतरण’ या नावांनी शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. मला हा विषय पुस्तकातल्या आकृतीपेक्षा भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसाच्या अंगात जास्त स्पष्ट दिसतो. म्हणून इथे तो तिथूनच सांगतो.

उष्णतेने पेशीचे नेमके काय बिघडते, हे आधी पाहू. पेशीतली जवळजवळ सगळी कामे प्रथिने करतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब साखळी; पण ती नुसती लांबच लांब पडून राहिली तर उपयोगाची नसते. तिला ठरावीक घड्या पडून एक नेमका आकार यावा लागतो. हा आकार टिकवणारे बंध फार नाजूक असतात. तापमान वाढले की घड्या उलगडतात, आतला भाग बाहेर येतो, आणि उलगडलेली प्रथिने एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. अंडे उकडताना बलकाभोवतीचे पारदर्शक पाणी पांढरे आणि घट्ट होते ते याच कारणाने. माणसाच्या शरीराचे तापमान अंडे उकडण्याइतके कधीच चढत नाही, पण पेशीतली सगळीच प्रथिने सारखी टिकाऊ नसतात. ४० अंशांच्या पुढे गेलेल्या शरीरात त्यातली नाजूक प्रथिने आकार सोडू लागतात. उष्माघातात मेंदू, यकृत, मूत्रपिंड एकापाठोपाठ एक बिघडतात, त्यामागे जी अनेक कारणे आहेत त्यातले हे एक मोठे कारण.

यावर पेशीकडे उत्तर आहे, हे पहिल्यांदा लक्षात आले ते एका चुकीमुळे. इटलीतले फेरुच्चो रितोसा हे शास्त्रज्ञ ड्रोसोफिला या फळमाशीच्या अळ्यांवर काम करत होते. या अळीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रे इतकी जाड असतात, की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे पट्टे दिसतात. एकदा प्रयोगशाळेतल्या कोणीतरी इन्क्युबेटरचे तापमान वाढवून ठेवले. रितोसांनी पाहिले तर गुणसूत्रावर काही ठरावीक जागी नवे फुगवटे आलेले. फुगवटा याचा अर्थ तिथले जनुक उघडून वाचले जात आहे. १९६२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्याआधी एका नामांकित नियतकालिकाने या निरीक्षणाला जैविक महत्त्व नाही असे म्हणून लेख परत पाठवला होता. त्याच १९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यात एमआयडीसीची स्थापना झाली. शिरोलीच्या कामगाराच्या अंगात काय चालते याचा पहिला धागाही त्याच वर्षीचा. १९७४ साली अल्फ्रेड तिसिएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की उष्णता दिल्यावर या फुगवट्यांबरोबर काही नवी प्रथिने भराभर तयार होतात. त्यांना हीट शॉक प्रथिने हे नाव पडले. पुढे कळले की जिवाणूंपासून ज्वारीच्या ताटापर्यंत आणि माशीपासून माणसापर्यंत सर्वांकडे ती आहेत. आपल्याकडे बनारस हिंदू विद्यापीठात सुभाष लखोटिया यांनी माशीच्या अशाच एका फुगवट्यावर आयुष्यभर संशोधन केले.

या प्रथिनांतले सर्वांत अभ्यासलेले म्हणजे एचएसपी-७०. उलगडू लागलेल्या प्रथिनाच्या उघड्या पडलेल्या भागाला ते धरते, त्याला दुसऱ्याला चिकटू देत नाही, आणि पुन्हा घडी पडायला अवसर देते. माणसात उष्णतेने जागे होणारे त्याचे एक जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहे. आता हे जनुक कसे वाचले जाते ते पाहू.

माणसाच्या जवळपास प्रत्येक पेशीच्या केंद्रकात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए गुंडाळून ठेवलेला असतो. त्यावर ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांत प्रथिनांची सुमारे २०,००० जनुके लिहिलेली आहेत. हा डीएनए केंद्रक सोडून बाहेर येत नाही. प्रथिने मात्र केंद्रकाच्या बाहेर, पेशीद्रव्यात बनतात. मग निरोप जातो कसा? फाउंड्रीत काम करणाऱ्याला ही व्यवस्था चटकन कळेल. मूळ ड्रॉइंग ऑफिसात राहते, शॉप फ्लोअरवर जाते ती त्याची प्रत. प्रत मळली, फाटली, हरवली तरी मूळ शाबूत राहते. आणि एका भागाची ऑर्डर आली म्हणून कोणी कपाटातली सगळी ड्रॉइंग्ज खाली नेत नाही. पेशीतली ही प्रत म्हणजे संदेशवाहक आरएनए, आणि ती काढण्याचे काम म्हणजे प्रतिलेखन.

प्रत काढते ते आरएनए पॉलिमरेज नावाचे एक मोठे विकर. ते डीएनएचे दोन धागे थोड्या अंतरापुरते सोडवते, त्यातला एक वाचत पुढे सरकते आणि समोर जे अक्षर असेल त्याचे जोडीदार अक्षर आरएनएत जोडते. ए समोर यू, टी समोर ए, जी समोर सी, सी समोर जी. आरएनएत टी नसतो, त्याच्या जागी यू येतो. मिनिटाला साधारण दोन हजार अक्षरे हा त्याचा वेग. रॉजर कोर्नबर्ग यांनी या विकराची अणूपर्यंतची रचना दाखवली आणि त्यासाठी त्यांना २००६ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

पण वीस हजार जनुकांतले नेमके हेच आता वाच, हे त्याला सांगते कोण? माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे, आणि पाठ्यपुस्तके नेमकी इथूनच घाईने निघून जातात. यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत डीएनए तोच. फरक पडतो तो कोणते जनुक केव्हा वाचले जाते याने. एचएसपी-७० च्या जनुकाच्या आधी डीएनएवर एक नियंत्रक भाग आहे. त्यावर बसून वाचन सुरू करून देणाऱ्या प्रथिनाचे नाव एचएसएफ-१. पेशी थंड आणि स्वस्थ असताना एचएसएफ-१ ला एचएसपी-७० आणि त्याच्या जातीची इतर प्रथिने धरून ठेवतात. उष्णता वाढली, इतर प्रथिने उलगडू लागली, की ही राखणदार प्रथिने तिकडे धावतात आणि एचएसएफ-१ मोकळे होते. मोकळी झालेली तीन-तीन एचएसएफ-१ एकत्र येतात, नियंत्रक भागाला जाऊन चिकटतात आणि वाचन सुरू होते. नवे एचएसपी-७० पुरेसे झाले, उलगडलेली प्रथिने सावरली, की उरलेले एचएसपी-७० पुन्हा एचएसएफ-१ ला धरते आणि वाचन थांबते. म्हणजे पेशी मोजते ते हवेचे तापमान नव्हे, तर स्वतःच्या आत झालेले नुकसान. त्या नुकसानाच्या प्रमाणातच ती दुरुस्तीची प्रथिने बनवते. इतकी नेमकी व्यवस्था पाहून माणूस थक्क होतो.

घाईच्या वेळेसाठी आणखी दोन सोयी आहेत. जॉन लिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात माशीच्या पेशींत दाखवले, की एचएसपी-७० च्या जनुकावर पॉलिमरेज आधीच येऊन, वीस-चाळीस अक्षरे लिहून थांबलेले असते. उष्णतेचा इशारा मिळताच ते तिथूनच पुढे निघते. दुसरी सोय जनुकाच्या बांधणीत आहे. आपली बहुतेक जनुके तुकड्यातुकड्यांत लिहिलेली असतात. मध्येमध्ये प्रथिनासाठी बिनकामाचा मजकूर असतो आणि प्रत काढल्यावर तो कापून उरलेले तुकडे जोडावे लागतात. फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी १९७७ मध्ये हे शोधले. स्नायूंतल्या डिस्ट्रॉफिन या प्रथिनाचे जनुक तर सुमारे २२ लाख अक्षरांचे आहे; त्याची एक प्रत काढायला पॉलिमरेजला १६ तास लागतात आणि कापून-जोडून उरतात सुमारे १४,००० अक्षरे. तीव्र उष्णतेत ही कापणी-जोडणीच बंद पडते. पण उष्णतेने जागे होणाऱ्या एचएसपी-७० च्या जनुकात मधला बिनकामाचा मजकूर नाहीच. सलग लिहिलेले हे जनुक मिनिट-दोन मिनिटांत वाचून होते, कापाकापीची गरजच पडत नाही. संकटात जे हवे ते संकटात अडणार नाही अशा रीतीने लिहिलेले आहे. कोट्यवधी वर्षांच्या निवडीतून हे घडले.

प्रतीच्या एका टोकाला टोपी आणि दुसऱ्या टोकाला ए या अक्षराची लांब शेपटी लागते, आणि ती केंद्रकाच्या छिद्रातून बाहेर पडते. बाहेर तिला रायबोसोम, म्हणजे संदेश वाचून प्रथिन जोडणारे पेशीतले यंत्र, भेटतो. इथून भाषांतरण सुरू होते.

रायबोसोम संदेश तीन-तीन अक्षरांनी वाचतो. चार अक्षरांची तीन-तीनची मांडणी ६४ प्रकारे होते. त्यातल्या ६१ त्रिकुटांचा अर्थ कुठले तरी अमिनो आम्ल असा, आणि तीन त्रिकुटांचा अर्थ ‘थांब’. अमिनो आम्ले मात्र वीसच, म्हणून एकाच आम्लासाठी अनेकदा दोन, चार किंवा सहा त्रिकुटे आहेत. हे कोष्टक कळले कसे, हा विसाव्या शतकातला मोठा पराक्रम आहे. १९६१ मध्ये मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई यांनी फक्त यू-यू-यू असलेला आरएनए पेशीच्या रसात टाकला, तर फक्त फेनिलअॅलानिन या अमिनो आम्लाची साखळी निघाली. हर गोविंद खोराना यांनी नेमक्या क्रमाचे आरएनए प्रयोगशाळेत बनवून उरलेली त्रिकुटे उलगडायला मोठा हातभार लावला, आणि १९६८ च्या नोबेलमध्ये निरेनबर्ग व रॉबर्ट हॉली यांच्याबरोबर त्यांचा वाटा आहे. ‘थांब’ या त्रिकुटांचा माग लागण्यात मुंबईचाही संबंध आहे. ओबेद सिद्दीकी यांनी अमेरिकेत अॅलन गॅरन यांच्याबरोबर जिवाणूच्या अशा उत्परिवर्तनांवर काम केले, ज्यांत प्रथिन अर्ध्यातच संपते. १९६२ साली होमी भाभांच्या बोलावण्यावरून ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे त्यांनी रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला.

प्रत्यक्ष काम असे चालते. रायबोसोमचा लहान भाग ए-यू-जी हे त्रिकूट शोधतो. तिथून प्रथिन सुरू होते आणि पहिले आम्ल असते मेथिओनिन. मग मोठा भाग येऊन बसतो. प्रत्येक त्रिकुटाला जुळणारे अमिनो आम्ल आणून देतात ते स्थानांतरण आरएनए, म्हणजे टीआरएनए नावाचे छोटे रेणू. त्यांच्या एका टोकाला तीन अक्षरे असतात, दुसऱ्या टोकाला आम्ल. अक्षरे जुळली की रायबोसोम नवे आम्ल साखळीला जोडतो आणि तीन अक्षरे पुढे सरकतो. माणसाच्या पेशीत सेकंदाला पाच-सहा आम्ले जोडली जातात. एचएसपी-७० मध्ये ६४१ अमिनो आम्ले आहेत. मेथिओनिन, अॅलानिन, लायसिन अशी त्याची सुरुवात होते. म्हणजे १,९२३ अक्षरे अधिक ‘थांब’ची तीन. एक रेणू दोन-एक मिनिटांत तयार होतो आणि एकाच प्रतीवर एकामागे एक अनेक रायबोसोम चालत असतात. दोन आम्लांमधला बंध जोडण्याचे रासायनिक काम रायबोसोममधले प्रथिन करत नाही, त्यातला आरएनए करतो. वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांना रायबोसोमची रचना व कार्य उलगडल्याबद्दल २००९ चे नोबेल मिळाले; रामकृष्णन यांचे पदवीपर्यंतचे शिक्षण बडोद्याचे.

एक आम्ल जोडायला पेशीला चार उच्च-ऊर्जा फॉस्फेट बंध खर्च करावे लागतात. ६४१ आम्लांच्या एका रेणूला अडीच हजारांहून अधिक, आणि असे लाखो रेणू हवे असतात. उष्णतेत पेशी म्हणूनच इतर प्रथिनांचे भाषांतरण बरेचसे थांबवते आणि हीट शॉक प्रथिनांच्या संदेशांना पुढे घेते. आणि नुसती ऊर्जा पुरत नाही, माल लागतो. वीसपैकी नऊ अमिनो आम्ले माणसाचे शरीर बनवू शकत नाही, ती अन्नातूनच यावी लागतात. लायसिन त्यातलेच एक. ज्वारीत ते कमी आणि डाळींत भरपूर, म्हणून भाकरीबरोबर आमटी किंवा उसळ हवी. डब्यात भाकरी आणि खर्डा एवढेच असेल तर रायबोसोमला लागणारा माल अपुरा पडतो. कामगाराच्या डब्याचा विचार पोट भरण्यापलीकडे जाऊन करायला हवा, असे मला वाटते.

रायबोसोममधून बाहेर पडलेली साखळी मग स्वतःच्या अमिनो आम्लांच्या क्रमाप्रमाणे घडी घेते. ड्रॉइंगचा दाखला इथे संपतो, कारण ओतलेले बीड स्वतःहून आकार घेत नाही, त्याला साचा लागतो. प्रथिनाचा आकार त्याच्या क्रमातच लिहिलेला असतो. पेशीतल्या दाटीत या घडीला मदत लागते, आणि ती देणाऱ्यांत पुन्हा एचएसपी-७० चे कुटुंब आहेच.

रायबोसोम संदेश कोठून आला हे विचारत नाही. पुण्याच्या हिंजवडीतल्या जिनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सने कोविडवरची देशातली पहिली एमआरएनए लस बनवली आणि २०२२ च्या जूनमध्ये तिला आपत्कालीन मान्यता मिळाली, ती याच गुणावर. टोचलेला आरएनए पेशीतले रायबोसोम वाचतात आणि विषाणूचे प्रथिन बनवतात. केंद्रकातल्या डीएनएला हात लागत नाही.

आता पुन्हा नव्या कामगाराकडे येऊ. उष्णता लागल्यावर एचएसएफ-१ काही मिनिटांत कामाला लागते. आरएनए तासाभरात भरपूर होतो. प्रथिन साठायला काही तास लागतात आणि एकदा साठले की ते काही दिवस टिकते. पेशींना आधी सौम्य उष्णता दिली, मध्ये काही तास जाऊ दिले आणि मग तीव्र उष्णता दिली, तर त्यातल्या कितीतरी जास्त पेशी जगतात. प्रयोगशाळांत हे वारंवार दिसले आहे. आठवडा-दीड आठवडा रोज उष्ण खोलीत व्यायाम केलेल्या स्वयंसेवकांच्या पांढऱ्या रक्तपेशींत एचएसपी-७० कुळातले प्रथिन वाढलेले आढळले आहे. उष्णतेत शरीर रक्त त्वचेकडे वळवते, त्यामुळे आतड्याच्या अस्तराला रक्त कमी पडते, ते झिरपू लागते आणि जिवाणूंची विषे रक्तात जातात. उष्माघात गंभीर होण्यात याचा मोठा हात आहे. या अस्तरातल्या पेशी सावरण्यातही हीट शॉक प्रथिनांचे काम आहे. घाम आणि रक्तद्रव यांतले बदल धरून शरीराला भट्टीच्या कामाशी जुळायला एक ते दोन आठवडे लागतात. हा काळ धमकावून, लाजवून किंवा जादा पैसे देऊन कमी करता येत नाही. पॉलिमरेजचा वेग ठरलेला आहे, रायबोसोमचाही.

आणि ही तयारी कायमची नसते. आठवडाभर भट्टीपासून दूर राहिले की ती उतरू लागते, महिन्याभरात बहुतेक जाते. चैत्रात जोतिबाची यात्रा आणि पाहुणेरावळे करून परतणारा इथला कामगार, किंवा गावी महिनाभर राहून परत येणारा बिहार-उत्तर प्रदेशातला कामगार, अनुभवाने जुना असला तरी त्याच्या पेशी पुन्हा नव्या असतात. आणि तो परत येतो नेमका उन्हाळ्यात.

अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षेच्या नोंदी सांगतात, की उघड्यावरच्या कामात उष्णतेने होणारे निम्म्याहून अधिक मृत्यू कामाच्या पहिल्या काही दिवसांत होतात. तिथल्या निऑश या संस्थेची शिफारस सोपी आहे. अगदी नव्या माणसाला पहिल्या दिवशी उष्णतेतले काम नेहमीच्या २० टक्क्यांहून जास्त नको, आणि पुढे रोज २० टक्क्यांहून जास्त वाढ नको. सुट्टीवरून परतलेल्या अनुभवी माणसाला पहिल्या दिवशी ५० टक्के, मग ६०, मग ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण.

शिरोलीतल्या कारखानदारांना, सेफ्टी ऑफिसरना आणि लेबर पुरवणाऱ्या ठेकेदारांना माझी विनंती आहे, की हे वेळापत्रक भट्टीजवळच्या फलकावर लिहून लावा आणि पाळा. पीस रेटवर काम करणारा माणूस स्वतःहून हात आखडता घेऊ शकत नाही, म्हणून त्या पहिल्या पाच दिवसांचा पगार पूर्ण द्या. बाकीचा वेळ त्याला मोल्डिंग, कोअर किंवा फेटलिंगच्या कमी तापाच्या कामावर ठेवता येतो. आणि नव्या कामगार मित्रांनो, पहिल्या आठवड्यात गरगरले तर ते सांगायला लाजू नका. सावलीत बसा, पाणी प्या, सुपरवायझरला कळवा. बोलणे अडखळले, माणूस भलतेच काही बोलू लागला किंवा बेशुद्ध झाला तर मात्र वाट पाहू नका. त्याचे कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ ला फोन करा.